लॅपटॉपचे पॉवर बटण: बोर्ड बदलावा की फक्त स्विच?

जुन्या लॅपटॉपचे पॉवर बटण दाद देईनासे झाले, की साधारण दोन मार्ग समोर येतात: बटणाखालचा छोटा सर्किट बोर्ड आख्खा बदलणे, किंवा बोर्ड तोच ठेवून त्यावरचा स्विच तेवढा काढून नवा सोल्डर करणे, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडणे. चार्जर जोडताच यंत्र सुरू होण्याची सोय बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या सेटिंगमध्ये, असल्यास काही दिवस निभावते, पण ती दुरुस्ती नव्हे. ज्या यंत्रांत स्विच थेट मदरबोर्डवर असतो, तिथे पहिला मार्ग आपोआपच बाद होतो.

सोल्डरिंगची सवय नसलेल्याला बोर्ड बदलणे सोयीचे वाटेल, आणि तसे वाटण्यात चूकही नाही. मीही आधी तेच केले. मात्र जुन्या मॉडेलचा कोरा बोर्ड मला मिळाला नाही; जो मिळाला तो मोडीत निघालेल्या दुसऱ्या लॅपटॉपमधला, म्हणजे माझ्या स्विचइतकाच दाबून झिजलेला होता. चौथ्या महिन्यात त्याचाही टिक आवाज थांबला आणि कीबोर्ड उचकटून, वरचे आवरण सोडवून सगळा खटाटोप पुन्हा करावा लागला. चपटी केबल कनेक्टरमध्ये धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चिमुकली पट्टी पहिल्या खेपेला कशीबशी उघडली होती. या खेपेला ती कट् आवाज करून तुटली. आज ती केबल चिकटपट्टीच्या तुकड्याच्या भरवशावर आहे. या पुन्हा पुन्हा उघडण्याच्या कटकटीनेच माझा कौल फिरवला.

स्विच बदलण्यातही धोके आहेतच. जास्त वेळ उष्णता दिल्यास बोर्डावरचा तांब्याचा ठिपका सुटून येतो. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तर ६३/३७ प्रमाणातले कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांनाच. म्हणून जुन्या सांध्यांत हे दुसरे थोडे मिसळले, तर स्विच बराच सहज सुटतो. पण मला अडवले ते उंचीने. नव्या स्विचचा दांडा केसभर उंच होता, त्यामुळे आवरणाचे स्क्रू आवळताच बटण दाबलेलेच राहिले, आणि लॅपटॉप सुरू होऊन काही सेकंदांत आपणहून बंद पडू लागला, कारण बटण दाबून धरणे हीच सक्तीने बंद करण्याची खूण असते. बिघाड मदरबोर्डमध्ये असावा, अशा समजुतीत माझी एक संध्याकाळ वाया गेली. तेव्हा लांबी-रुंदीबरोबर तळापासून दांड्याच्या टोकापर्यंतची उंचीही कॅलिपरने मोजूनच नवा स्विच मागवावा.

तो स्विच बसवून दोन वर्षे झाली आणि यंत्र पुन्हा उघडावे लागलेले नाही. प्रत्येकाचा अनुभव असाच असेल असे म्हणवत नाही. पण हात थरथरत असेल, तरी बोर्ड सोडवून नव्या स्विचसह तेवढाच एखाद्या कारागिराकडे नेणे, जुना बोर्ड शोधत बसण्यापेक्षा मला अधिक पटते.