12 आठवड्यांचा स्ट्रेंथ प्लॅन, कबड्डीवालीच्या आईकडून

बडोद्यात रावपुऱ्यातल्या ह्या जिममध्ये माझी मुलगी (वय 20, कबड्डी, रेडर) 12 आठवडे येत होती, परवा प्लॅन संपला म्हणून लिहितेय. लांब होईल पण ज्यांच्या मुली खेळतात त्यांनी वाचाच.

आधी ती दुसरीकडे जायची, नाव नको. तिथे रोज सर्किट (एकामागोमाग एक वेगवेगळे व्यायाम), 20-20 रेप्स (म्हणजे तीच हालचाल लागोपाठ 20 वेळा), मध्ये जेमतेम 30 सेकंद दम खायचा आणि सांगायचे काय, तर विश्रांती कमी ठेवली की ग्रोथ हार्मोन वाढतं आणि त्यानेच ताकद येते. वर पोळी-भात बंद करायला लावला. सात-आठ महिन्यांत स्क्वाट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठक) होता तिथेच, झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि तीन महिने पाळीच आली नाही, पोरीने मला सांगितलं ते पण उशिरा. डॉक्टरबाई म्हणाल्या की मेहनत भरपूर आणि खाणं तुटपुंजं असलं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन खाली जातं आणि पुढे हाडं कमजोर होतात. मी त्या रात्री झोपले नाही.

इथे सरांनी आधी डॉक्टरबाईंची चिठ्ठी मागितली, मगच बारला हात लावू दिला. आणि वही करायला लावली, त्यात झोप, जेवण, पाळीची तारीख, मॅच कधी, कुठला सेट (न थांबता मारलेल्या रेप्सचा एक गट) किती किलोने, सगळं. माझे बाबा जुम्मादादांच्या आखाड्यात जायचे, ते असंच बैठकांचा हिशोब ठेवायचे, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

आठवड्यातून तीनच दिवस. पहिले चार आठवडे 8-10 रेप्सचे 3 सेट, मग 5 रेप्सचे 5, शेवटी नुसत्या 3-3 रेप्स पण वजन एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 85 टक्क्यांच्या आसपास, आणि दर चौथ्या आठवड्याला सेट निम्मे. भारी सेटनंतर पूर्ण 3 मिनिटं विश्रांती. मी म्हटलं सर, ही तर निम्मा वेळ बसूनच असते! ते म्हणाले ताई, दमलेल्या पायांनी भारी वजन उचलता येत नाही, आणि भारी उचललं नाही तर ताकद कशी वाढणार. हार्मोनचं पण नीट समजावलं. व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन चढतं ते खरं, पण तासाभरात परत उतरतं. कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत 2010 च्या सुमारास मुलांचा एक हात नुसता ट्रेन केला आणि दुसऱ्या हाताच्या व्यायामानंतर पायांचा जोरदार व्यायाम घेऊन हार्मोन वाढवलं, 15 आठवड्यांनी दोन्ही हात सारखेच वाढलेले! म्हणजे ज्यासाठी पोरीला इतकं पिदडलं त्याचा फायदा काहीच नव्हता, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

आमच्या सासूबाईंना भीती होती की मुलगी पुरुषासारखी दिसेल. तर तसं होत नाही, बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा साधारण 15 पट कमी असतं.

आता फरक. 5 रेप्सचा स्क्वाट 45 किलोवरून 57.5 वर गेला, पहिली पुल-अप मारली, अँकल होल्ड बसला (म्हणजे समोरचीने घोटा पकडला) तरी पाय ओढून लाइनीपर्यंत पोचते. पाळी दुसऱ्या महिन्यात आली, त्यात पोटभर जेवण आणि झोपेचा वाटा मोठा, सर पण हेच म्हणतात.

तक्रारी दोन. स्क्वाट रॅक एकच आहे, संध्याकाळी 6 नंतर रांग लागते आणि 3-3 मिनिटांच्या विश्रांतीने दोन तास जातात, त्यामुळे सकाळची बॅच घ्या. दुसरं म्हणजे डाएटचा छापील कागद अंडी आणि व्हे प्रोटीनवरच चालतो, आमच्याकडे अंडं चालत नाही, मग मी मटकी, पनीर, दही, शेंगदाणे असं बसवलं आणि सरांनी ते तपासून दिलं. फी 7500, एकदम भरावी लागते. पुढचे 12 आठवडे आम्ही भरलेत.