एकट्याने आउटबॅक: व्हॅन घ्यावी की टपावरचा तंबू?

गेल्या वर्षभरात तीन जणांनी फोन करून मला एकच गोष्ट विचारली. ऑस्ट्रेलियात दक्षिणेच्या ॲडलेडहून निघायचं, आउटबॅकमधून, म्हणजे मधल्या ओसाड भागातून, स्टुअर्ट हायवेने थेट उत्तरेचं डार्विन गाठायचं, एकट्याने, आणि जमतील तितक्या रात्री फुकटात काढायच्या. तर छोटी कॅम्परव्हॅन बरी की फोर व्हील ड्राइव्हच्या टपावर तंबू लावावा? तिघांनाही तेच ते सांगून झालं, म्हणून आता एकदाचं लिहून टाकतो. मी दोन्ही केलंय. आधी तंबू, दोन वर्षांनी टोयोटाची जुनी हायएस व्हॅन. बॅटरी किती अँपिअरची, पाण्याची टाकी किती लिटरची, हे व्हिडिओ बघून बघून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. त्यात शिरत नाही.

रस्त्यापासून सुरुवात करू, कारण तंबूवाले पहिलं पान तेच टाकतात: आउटबॅक म्हटलं की फोर व्हील ड्राइव्ह हवीच. पण ॲडलेडच्या वर पोर्ट ऑगस्टाला सुरू होऊन डार्विनला जाणारा हा साधारण २,७०० किलोमीटरचा हायवे १९८७ पासून अथपासून इतिपर्यंत डांबरी आहे. अर्लडंडाला डावीकडे वळून उलुरूच्या प्रचंड लाल खडकाकडे जाणारा रस्ता डांबरी, किंग्ज कॅन्यनचा डांबरी, ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेचा ऑर्मिस्टन गॉर्जचाही डांबरी. पहिल्यांदा जाणारा जे बघायला जातो, त्यातलं बरंचसं साध्या व्हॅनने होतं.

मात्र ऊडनडाटा ट्रॅक होत नाही, आणि ही कमी छोटी नाही. मरीपासून मार्लापर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटर कच्चा रस्ता, कडेला काटी थांडा (लेक आयर) या तळ्याचं पांढरंफटक मीठ, आणि १९८० साली बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेचे पूल वाळवंटात नुसते उभे. अल्जेबकिनाच्या पुलाखाली मी दोन तास बसलो होतो. तिथे पोचलो ते तंबूवाल्या गाडीमुळेच. व्हॅनच्या वेळी मार्लाच्या फाट्यावर थांबून त्या रस्त्याकडे बघितलं आणि डिझेल भरून पुढे निघालो. ॲलिस स्प्रिंग्जजवळची पाम व्हॅली, ताडांची दरी, तीही व्हॅनला बंद. भाड्याची व्हॅन असेल तर करारातलं कच्च्या रस्त्याचं कलम नीट वाचा, बहुतेक ठिकाणी विम्याचं कवच डांबराबरोबरच संपतं.

फोर व्हील ड्राइव्ह घेतली म्हणजे सगळे रस्ते मोकळे, असंही नाही. मरीत मला पाऊस लागला. पाऊस कसला, आपल्याकडे कोणी छत्री उघडली नसती असा. पण तेवढ्यावर ट्रॅक बंद झाला आणि बंद म्हणजे सगळ्यांना बंद. त्या चिखलात चाकोऱ्या पाडल्या तर दंड होतो. दीड दिवस मी हॉटेलसमोर गाडीत बसून बिस्किटं खाल्ली. माझ्या शेजारी माझ्यापेक्षा दुप्पट उंच टायरची गाडी होती. तीही तिथेच.

तंबूची खरी गंमत रात्री. सप्टेंबरात आठच्या सुमाराला छताची खिडकी उघडली की वृश्चिकाचा आकडा जवळजवळ डोक्यावर. सांगलीच्या गच्चीवरून तो दक्षिणेला खालच्या निम्म्या आभाळात शोधायची सवय, इथे मान सरळ वर. नैर्ऋत्येला त्रिशंकू कललेला. जाळीतून वारा येतो, खाली साप-विंचू काय फिरत असतील ते फिरोत, आपण वर. व्हॅनमध्ये हे नाही. व्हॅनमध्ये थंडीच्या दिवसांत पहाटे काचांवरून पाणी ओघळतं आणि उशी ओली होते. शिवाय टेनंट क्रीकच्या वर, कॅथरीनकडे जसजसं जाल, तसतशी व्हॅनची पत्र्याची पेटी रात्रीही तापलेली राहते. माझ्या उत्तरेकडच्या चार रात्री झोपेविना गेल्या. तिथे तंबूच हवा होता, हे मान्य.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लावला ती.

टपावरचा तंबू उघडायला सोपा असतो, विक्रेता उघडूनच दाखवतो. मिटणं मात्र सकाळी असतं. माझा तंबू कापडी घडीचा होता. आधी शिडी वर ढकलायची, तिच्या जोरावर अर्धा तंबू उलटा पाडायचा, फुगून बाहेर आलेलं कॅनव्हास चारी बाजूंनी आत कोंबायचं, पट्टे आवळायचे, वरून कव्हर ओढायचं आणि तीन बाजूंनी चेन लावायची. दोघं असले की एक इकडून कोंबतो, एक तिकडून, आणि पाच मिनिटांत होतं. एकट्याचं असं की इकडची बाजू कोंबून गाडीला वळसा घालून तिकडे जावं, तोवर इकडची परत बाहेर. एक पाय टायरवर, एक दाराच्या चौकटीत, छातीने तंबू दाबलेला, दोन्ही हात चेनवर. आणि ती चेन त्या पिठासारख्या लाल मातीने भरलेली. तिच्यावर मेणबत्ती घासायची, मग दोन वीत सरकते.

हे सगळं जमतं हो. रोज केलं की हात बसतो. पण नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांताच्या सीमेवरच्या रेस्ट एरियात, म्हणजे हायवेकडेच्या थांब्यावर, सूर्य वर येऊन अर्धा तास झालेला, मी असा टायरवर लटकलेलो असताना माशा आल्या. या माशांना तुमच्या ताटातल्या पोह्यांपेक्षा तुमच्या अंगावरचा ओलावा जास्त आवडतो. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठांचे कोपरे. एरवी आपण हात हलवत राहतो. त्या देशात सगळेच हलवतात, अभिवादन असल्यासारखे. पण दोन्ही हात चेनवर असले की? डोळ्याच्या कोपऱ्यात बसलेली माशी उठवायला चेन सोडावी, तर कव्हर सटकून खाली येतं. टोपीवरची जाळी घालून पाहिली, ती तंबूच्या चिकटपट्टीला अडकली आणि टोपीसकट निघाली. शेवटी डोळे मिटून, तोंड घट्ट बंद करून, नुसत्या हाताच्या अंदाजाने चेन लावली. कपाळावर, कानांत, चष्म्याच्या...

आणि तेव्हा लक्षात आलं की चष्मा नाहीये. तो तंबूत, उशीपाशी राहिला होता.

परत पट्टे सोडले.

या माशांचा गुराढोरांशी संबंध आहे. ऑस्ट्रेलियातले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर वाढलेले. गोऱ्या लोकांनी आणलेल्या गाईबैलांचे ओले पो त्यांना उरकेनात, आणि त्या शेणात माशांची पैदास झाली. मग १९६०च्या दशकात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने बाहेरून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. पुष्कळ ठिकाणी फरक पडला म्हणतात. त्या सकाळी सीमेवर एखादा शेणकिडा दिसता तर मी त्याला नमस्कार केला असता. जून-जुलैत गेलात तर हा त्रास बराच कमी असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तेव्हा रात्री पारा शून्याखाली जातो आणि मध्यरात्री शिडीवरून उतरायची वेळ आली की चाळिशीनंतरचा माणूस आधी दहा मिनिटं विचार करतो.

त्या दिवसापासून तंबू मिटायचा या विचाराने मी मुक्काम ठरवायला लागलो, हे खरं दुखणं. दुपारी दोनला झापड यायची. त्या सरळसोट रस्त्यावर, समोरून त्रेपन्न मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे मागे ट्रेलरांची रांग जोडलेला ट्रक, येत असताना, झापड ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. व्हॅन असती तर बाजूला घेऊन वीस मिनिटं आडवा झालो असतो. तंबू वीस मिनिटांसाठी कोण उघडतो? सीटवर मान वाकडी करून पडायचो आणि जास्तच आंबून उठायचो. व्हॅनच्या सफरीत मी रोज दुपारी झोपलो. जाळी लावून, आतल्या आत चहा करून. संध्याकाळी माशा जायची वाट न बघता कुकरला खिचडी लावली. (शिटीने शेजारच्या कॅरव्हॅनमधले आजोबा हातात बॅटरी घेऊन बाहेर आले होते, ते सोडा.)

फुकट मुक्कामाच्या बाबतीत कायदा दोघांना सारखाच, पण व्यवहार सारखा नाही. नॉर्दर्न टेरिटरीतल्या रेस्ट एरियात चोवीस तास थांबता येतं, तिथे काही फरक पडत नाही. मात्र काही गावं फक्त स्वतःचा संडास आणि सांडपाण्याची टाकी असलेल्या गाड्यांनाच फुकट जागा देतात. तिथे तसा संडास-टाकी बसवलेली व्हॅन चालते, तंबू नाही. आणि जिथे "विश्रांती चालेल, कॅम्पिंग नको" असा बोर्ड असतो, तिथे पडदे ओढलेली व्हॅन विश्रांती घेत असते. टपावर उघडलेला तंबू दोन किलोमीटरवरून कॅम्पिंग करताना दिसतो.

जागांपैकी लेक हार्ट चुकवू नका. वूमेराच्या जरा वर, हायवेला लागून, समोर मिठाचं तळं, काठाने रेल्वेचे रूळ. रात्री लांबच लांब मालगाडी जाते आणि तिचे डबे मोजता मोजता झोप लागते. मात्र तिथला हायवेच्या कडेचा बराच भाग वूमेराच्या प्रतिबंधित लष्करी क्षेत्रात येतो, तेव्हा "आत थोडं एकांतात जाऊन गाडी लावू" हा मोह नको. पुढे हायवेलगतच्या आदिवासी जमिनींवर शिरायलाही परवाना लागतो. टेनंट क्रीकच्या खालचे कार्लू कार्लूचे गोल दगड फुकटात मोडत नाहीत, आधी बुकिंग करावं लागतं आणि बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना २०२३ मध्ये पार्कचा पासही लागू झाला. तरी एक रात्र तिथे काढाच. सूर्य मावळताना ते दगड भट्टीतून काढल्यासारखे दिसतात.

एकट्याचा आणखी एक मुद्दा आहे, तो मी घरी सांगितलेला नाही. तंबूच्या सफरीत बॅरो क्रीकच्या पुढे एका रेस्ट एरियात मी एकटाच होतो. रात्री एकच्या सुमाराला एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली, दिवे माझ्यावर रोखून उभी राहिली, गाणी चालू. दहा-बारा मिनिटांनी निघून गेली. काही झालं नाही, बहुधा तेही बिचारे थांबायला जागा शोधत असतील. पण ती दहा मिनिटं मी दोन मीटर उंचीवर कापडाच्या घरात बसलो होतो, शिडी खाली लोंबत होती, आणि निघून जायचं म्हटलं तरी आधी तंबू मिटायला हवा होता. माशा नसताना, अंधारात, त्यांच्यासमोर. व्हॅनमध्ये मी रोज झोपताना ड्रायव्हरची सीट मोकळी ठेवायचो, गाडीचं तोंड रस्त्याकडे. तशी वेळ एकदाच आली, नुसत्या शंकेने. अनवाणी पुढे सरकलो, किल्ली फिरवली आणि चाळीस किलोमीटरवर जाऊन झोपलो. बाहेर पाऊलही टाकलं नाही.

खर्चात व्हॅनला माझ्या हिशेबाने शंभर किलोमीटरला तीन-चार लिटर डिझेल कमी लागलं. तंबूने वारा अडतो, त्यात गाडी जड. तुमची गाडी वेगळी असेल, आकडा वेगळा येईल.

ऊडनडाटा, पाम व्हॅली यांसाठीच जीव टांगणीला लागला असेल तर तंबू घ्या, मी अडवणार नाही. फक्त कापडी घडीचा नको. कडक कवचाचा, पेटीसारखा मिटणारा मिळतो तो बघा, महाग असला तरी. मित्राकडचा एकदा मिटून पाहिला, दोन मिनिटं लागली. अर्थात अंगणात, माशांशिवाय. सोबत कोणी येणार असेल तरीही तंबूचा विचार करायला हरकत नाही. पण हायवे धरून, एकट्याने, मनात येईल तिथे थांबत आणि उठत जायचं असेल, तर मी तरी परत व्हॅननेच जाईन. पुढच्या जूनला जातोच आहे.

तंबू विकला. न्यायला पंचविशीतला एक मुलगा आला होता, एकटाच निघणारा. त्याला कव्हरच्या खिशातली अर्धी मेणबत्ती दाखवली आणि ही लागेल म्हटलं. तो म्हणाला, नको काका, माझ्याकडे हेडलॅम्प आहे.