ईएमजी पीए-2: 20 डेसिबल विसरा, पहिले 6 बघा

पीए-2 म्हणजे गिटारच्या आत बसवायचा, पिकअपचा सिग्नल वाढवणारा ईएमजी कंपनीचा बूस्टर. तो घेणारे बहुतेक जण 20 डेसिबल हा कमाल वाढीचा आकडा बघून घेतात. 20 डेसिबल म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज दसपट. पण 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटला वर-खाली मिळून 8-9 व्होल्टच्या पुढे जागाच नसते. जोरात वाजवलेला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आधीच 1 व्होल्टच्या आसपास उसळतो. त्याची दसपट केली की सिग्नल अ‍ॅम्पपर्यंत पोचायच्या आत गिटारच्या पोटातच कापला जातो, आणि ही करकर ट्यूब अ‍ॅम्पच्या ओव्हरड्राइव्हसारखी गोड नसते. या सर्किटचा खरा फायदा खालच्या टोकाला आहे, 0 ते 6-8 डेसिबलच्या पट्ट्यात.

वस्तू साधी आहे. एक मिनी टॉगल, त्याला जोडलेलं लहान सर्किट आणि त्यावर ट्रिमपॉट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट. टॉगलने चालू-बंद करायचं, ट्रिमपॉटने जोर ठरवायचा. पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह दोन्ही (बिनबॅटरीच्या आणि बॅटरीवरच्या) पिकअपना चालतो. ईएमजीचेच पिकअप असतील तर कनेक्टर खटाखट बसतात. साध्या स्ट्रॅटमध्ये (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये) मात्र सोल्डरिंगला पर्याय नाही.

खालचं टोक महत्त्वाचं का, तर केबलमुळे. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या जवळपास. 6 मीटरची केबल लावली की पिकअपचं रेझोनन्सचं टोक, म्हणजे जिथे आवाज सर्वात उठून येतो ती फ्रिक्वेन्सी, 4 किलोहर्ट्झपाशी येतं, 10 मीटरला 3 च्या आसपास, आणि त्यावरचं सगळं झपाट्याने घसरतं. पीए-2 चालू केला की मध्ये त्याचं सर्किट येतं आणि पिकअपला केबल दिसतच नाही. ते टोक दुपटीने वर सरकतं. म्हणून गेन अगदी कमी ठेवला तरी आवाज उघडतो. हे सगळ्यांना आवडेलच असं नाही. ज्यांनी गुंडाळीच्या लांब केबलच्या मऊ आवाजावर आपला टोन बसवलाय, त्यांना ब्रिज पिकअप टोचेल.

जोडणीत खरा निर्णय एकच: व्हॉल्यूमच्या आधी की नंतर. नंतर लावा. व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायापासून जॅककडे जाणारी वायर कापायची, मधला पाय पीए-2 च्या इनपुटला, आउटपुट जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणारा पाय). आधी लावला तर 250 के (किलोओहम) च्या पॉटपुढे पुन्हा केबल येते आणि फायदा निम्मा जातो. तशी जोडणी हवीच असेल तर पॉट 25 के चा टाकावा लागतो. नंतर लावल्यावर आणखी एक गोष्ट बदलते. व्हॉल्यूम कमी करताना ट्रेबल पूर्वीसारखा मरत नाही, त्यामुळे पॉटवर ट्रेबल ब्लीडचा (व्हॉल्यूम कमी करताना ट्रेबल टिकवणारा) कपॅसिटर असेल तर तो काढा. नाहीतर व्हॉल्यूम 5 वर आणला की आवाज पत्र्यासारखा होतो.

जॅक स्टिरिओ हवा. बॅटरीची काळी वायर रिंगला (जॅकचा मधला संपर्क), बाकी सगळं अर्थिंग स्लीव्हला (बाहेरचा संपर्क). मोनो प्लग घातला की रिंग आणि स्लीव्ह जोडले जातात आणि बॅटरी सुरू होते. काळी वायर चुकून स्लीव्हला लागली तर गिटार झकास वाजते, म्हणून चूक कळत नाही. बॅटरी मात्र रात्रंदिवस जळत राहते. जोडणी बरोबर असली तरी प्लग आत आहे तोवर बॅटरी चालूच, टॉगल बंद केलं म्हणून ती वाचत नाही. वाजवून झालं की प्लग काढा. काही वायरलेस ट्रान्समीटरला टीआरएस (टिप-रिंग-स्लीव्ह, तीन संपर्कांचा) प्लग असतो. त्याने रिंग अर्थ होत नाही आणि सर्किटला वीजच मिळत नाही. गाण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आधीच तपासून ठेवा.

ईएमजीच्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपसोबत ब्रिजची अर्थ वायर काढायची असते. ती सूचना वाचून पॅसिव्ह गिटारची वायरही काढणारे आहेत. मग तारांवर हात ठेवला तरी गुणगुण थांबत नाही. पॅसिव्हमध्ये ती वायर राहू द्या.

टॉगलसाठी पिकगार्डला (गिटारच्या तोंडावरचं प्लास्टिकचं पान) साडेसहा मिलिमीटरचं भोक लागतं. मास्किंग टेप लावून आधी 3 मिलिमीटर, मग साडेसहा, ड्रिल हळू. घाई केली की तीन थरांचं प्लास्टिक कडेला टवकतं. भोक पाडायचं नसेल तर दुसऱ्या टोन पॉटची जागा वापरता येते, पण ते भोक साडेनऊचं असल्याने टॉगल आरपार जातो; वर-खाली रुंद वॉशर द्या. त्यापेक्षा सुटसुटीत म्हणजे ईएमजीचाच आफ्टरबर्नर हा बूस्टर. पॉटच्या जागी पॉट बसतो आणि गेन बोटाखाली राहतो. तोच त्याचा तोटाही, कारण वाजवताना नॉब सरकला की लेव्हल बदलते. अलेम्बिक कंपनीचा स्ट्रॅटोब्लास्टर हा बूस्टर जॅकच्या पत्र्यासकट बदलतो, कमाल 14 डेसिबल देतो आणि स्ट्रॅटसाठी माझ्या मते तिन्हींत शहाणा. आपल्याकडे मिळवणं मात्र कटकटीचं.

घेऊ नये कुणी? ज्यांचा अ‍ॅम्प आधीच हाय गेनवर आहे त्यांनी. तिथे सोलोला आवाज वाढत नाही, फक्त डिस्टॉर्शन आणि खरखर वाढते; त्यांना अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये ठेवलेला बूस्ट पेडल हवा. फझ फेस जातीचा (घरघरीत डिस्टॉर्शन देणारा) पेडल वापरणाऱ्यांनीही जपून. त्याला थेट पिकअप लागतो. मध्ये पीए-2 सारखा बफर (पिकअपला पुढच्या भारापासून तोडणारं सर्किट) आला की व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ होण्याची त्याची खुबीच जाते. फझच्या वेळी टॉगल बंद. ऑडिओ इंटरफेसवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी ट्रिमपॉट शून्याकडून सुरू करावा, लाल दिवा लागला की मागे यावं.

स्टिरिओ जॅक, श्रिंक ट्यूब आणि वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतात. बॅटरी घेताना 6एलआर61 छापलेली अल्कलाइन घ्या. स्वस्त 6एफ22 (झिंक-कार्बन) गळते, आणि पिकगार्डखाली गळलेली बॅटरी कळते ती 11 स्क्रू काढल्यावरच.