डॅफ्निया मॅग्ना लाइव्ह कल्चर, ५०० मिली: माल एकदम जिवंत, पण बाटलीत मॅग्ना नाहीच

५ पैकी ३ स्टार.

बेटा (फायटर) माशाची पिल्लं मोठी व्हायला लागली म्हणून त्यांना जरा मोठं जिवंत खाणं हवं होतं, म्हणून ऑनलाइन एका सेलरकडून डॅफ्निया मॅग्नाचं (वॉटर फ्ली, म्हणजे पाण्यातला बारीक कवचधारी जीव) स्टार्टर कल्चर, म्हणजे घरी वाढवायला सुरुवातीचा जिवंत साठा, मागवलं. पार्सल सोलापूरला तिसऱ्या दिवशी आलं, पॅकिंग मस्त, बाटली अर्धी रिकामी ठेवलेली म्हणजे आत हवा भरपूर, आणि तळाशी मेलेली जवळजवळ नाहीत, त्याचे पूर्ण मार्क.

पण बाटली उजेडात धरली तेव्हाच शंका आली. पूर्ण वाढलेली मॅग्नाची मादी ५ मिलिमीटरपर्यंत जाते, डोळ्याला सरळ दिसते, आणि इथे सगळे बारीक गुलाबीसर ठिपके. सेलरला मेसेज केला तर म्हणाले, "दादा ती पिल्लं आहेत, आठवड्यात मोठी होतील." ठीक आहे म्हटलं, थांबलो. ग्रीन वॉटर (बारीक शेवाळाचं हिरवं पाणी) दिलं, दहा दिवस सांभाळली, मग काचेच्या बशीखाली ग्राफ पेपर ठेवून बघितलं तर सगळ्यात मोठीसुद्धा दीड चौकोनाच्या पुढे नाही, म्हणजे दीड मिलिमीटर. आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या पाठीत अंडी! अंडी धरलेली मादी पिल्लू कशी असेल?

मग पुतणीचा कॉलेजचा मायक्रोस्कोप आणला. ज्यांना घरी बघायचंय त्यांनी कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके लावा, नाहीतर जीव चिरडतो, आणि टिश्यूने कडेचं पाणी थोडं ओढून घ्या म्हणजे ती आडवी पडून शांत राहते. ४० पटीला सगळं दिसतं खरंच, कवच काचेसारखं पारदर्शक, हिरवं खाल्लेलं आतडं, पाठीकडे भराभर धडधडणारं हृदय, आणि डोक्यात एकच मोठा काळा डोळा जो सतत थरथरत असतो. पोहते ती पायांनी नाही, डोक्याच्या बाजूंच्या दोन फांदीसारख्या अँटेनांनी, पाय आत कवचात असतात आणि पाणी गाळून खाणं गोळा करतात. मी पाऊण तास नुसता बघत बसलो होतो.

आता मुद्द्याचं. डॅफ्नियाचं डोकं बाजूने बघितलं की खाली पक्ष्याच्या चोचीसारखं टोक दिसतं, त्याला रोस्ट्रम म्हणतात. माझ्या बाटलीतल्या एकीलाही चोच नाही, डोकं गोल गरगरीत. डॅफ्नियाच्या मादीच्या पुढच्या छोट्या अँटेना म्हणजे अँटेन्यूल इतक्या बारक्या की चोचीखाली शोधाव्या लागतात, इथे त्या लांब, सिगारसारख्या, डोक्याच्या खालून बाहेर लोंबतायत आणि हलतायत. मॅग्नाच्या मोठ्या डोळ्याखाली अजून एक छोटा काळा ठिपका असतो, ओसेलस, तोही इथे नाही. मागचा शेपटीसारखा काटाही नाही, पण नुसत्या काट्यावर जाऊ नका कारण मॅग्नाच्या वयस्कर माद्यांचा काटाही आखूड होत जातो. डोकं बघा, डोकं फसवत नाही.

थोडक्यात ही मोइना आहे, म्हणजे डॅफ्नियाची छोटी नातेवाईक, पण वेगळा जीव. शेपटाच्या भागावर, म्हणजे पोस्टॅबडोमेनवर, नखीजवळ एक दोन टोकांचा दात आणि बाकीचे पिसासारखे केसाळ दात, हे १०० पटीला स्वच्छ दिसलं आणि उरलासुरला संशय संपला.

मोइनातली कुठली हे कळायला अजून दोन आठवडे लागले. एका बरणीत मुद्दाम गर्दी होऊ दिली, खाणं कमी केलं. एरवी माद्या नराशिवायच पिल्लं देत राहतात, पण अशी अडचण आली की नर तयार होतात. नर लहान असतो आणि त्याच्या अँटेन्यूल भल्यामोठ्या, टोकाला हुक, मादीला धरायला. मग माद्यांच्या पाठीवर गडद खोगिरासारखं कवच आलं, एफिपियम, वाळलं तरी आतली अंडी टिकतात असं. त्यात दोन अंडी होती. मोइना मायक्रुरामध्ये एकच असतं, मॅक्रोकोपामध्ये दोन, शिवाय माझ्याकडच्यांच्या डोक्यावर आणि कवचावर बारीक केस आहेत, म्हणून माझ्या मते ही मोइना मॅक्रोकोपा.

आता कोणी म्हणेल खाणंच तर आहे, नावाने काय फरक पडतो. पडतो ना! मोइनाचं ताजं पिल्लू अंड्यातून नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाएवढं (ब्राइन श्रिम्प, खाऱ्या पाण्यातला बारीक जीव), माशाच्या बारक्या पिल्लांना उत्तम, पण मला मोठ्या घासाचं हवं होतं आणि पैसेही मॅग्नाचे घेतले. उलट बाजूनेही बघा, मॅग्नाला थंड पाणी मानवतं, साधारण २० अंशाच्या आसपास, आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती जगवणं फार अवघड. मोइना ३० अंशातही आरामात वाढते, चार-पाच दिवसात पिल्लू स्वतः पिल्लं द्यायला लागतं. म्हणजे कोणी मोइना म्हणून मागवली आणि मॅग्ना आली तर मे महिन्यात बरणीत नुसता गाळ उरेल. गुलाबी रंग बघूनही जात ठरवू नका, पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की दोन्ही हिमोग्लोबिन वाढवतात आणि लाल दिसतात.

सेलरला सगळे फोटो पाठवले, अर्धे पैसे परत आले, भांडण काही नाही झालं. पण लिस्टिंगवर अजून मॅग्नाच लिहिलंय म्हणून दोन स्टार कापले. कल्चर मात्र जबरदस्त आहे, तीन टब भरलेत, बेटाची पुढची बॅच याच्यावरच वाढतेय. मोइना हवी असेल तर बिनधास्त घ्या, मॅग्ना हवी असेल तर आधी सेलरकडून एका मोठ्या मादीचा बाजूने काढलेला फोटो मागा, डोकं स्पष्ट दिसेल असा, आणि चोच दिसली तरच पैसे पाठवा.