आतली कडी आधी बघा : खान्देशातल्या मुलींच्या होस्टेल-खोल्यांचे परीक्षण

जून-जुलै आला की जळगाव, धुळे, नंदुरबार, शिरपूर, शहादा, अमळनेर इथल्या कॉलेजांच्या आसपास विजेच्या खांबांवर 'फक्त मुलींसाठी, कॉट बेसिस' अशा पाट्या लागतात. आरओचे पाणी, वाय-फाय, गिझर, सीसीटीव्ही असे त्यावर लिहिलेले असते. यातले काहीही असले-नसले तरी मुलगी तिथे सुरक्षित राहील का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून या परीक्षणात भाडे आणि भाजीची चव बाजूला ठेवून दोनच कसोट्या लावल्या आहेत. रात्री खोलीचे दार आतून नीट लागते का? आणि कोणी त्रास दिला तर लेखी तक्रार घेणारे, मालकाच्या किंवा संस्थाचालकाच्या शब्दाबाहेरचे कोणी आहे का?

जुलै २०२४ पासून ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरते. हा निर्णय चांगलाच आहे. पण राहण्या-जेवणाचा खर्च घरावरच राहिला, त्यामुळे खोली निवडताना पहिला प्रश्न 'महिन्याला किती?' हाच असतो. तो दुसरा असायला हवा.

खासगी होस्टेल, कॉट बेसिस : ५ पैकी २

आई-वडिलांना परतीची एसटी गाठायची असते, म्हणून बहुतेक खोल्या भर दुपारी पाहिल्या जातात. दुपारी कोणतीही गल्ली बरी दिसते. संध्याकाळी साडेसात-आठला या. मेस दुसरीकडे असेल तर खोलीपासून मेसपर्यंत पायी चालून बघा. पथदिवे खरेच पेटतात का, मधे मोकळा प्लॉट किंवा बंद शटरांची रांग किती लांब आहे, हे त्याच वेळी कळते.

मग दार. आतून दोन अडसर हवेत, एक वर आणि एक खाली, आणि वरचा निदान ८ इंची. बऱ्याच ठिकाणी एकच छोटी कडी असते आणि ती अर्ध्या इंची स्क्रूंवर बसवलेली असते. बाहेरून खांद्याचा एक धक्का बसला की ती निघते. दीड इंची स्क्रू चौकटीच्या लाकडात शिरतात आणि धरतात. हा बदल शंभर-दोनशे रुपयांत होतो, म्हणून पैसे देण्याआधी करून मागा. बाहेरच्या कोयंड्याचे स्क्रू दार बंद असताना दिसत असतील तर कुलूप न तोडताही दार उघडता येते. लॅच असेल तर दुसरी किल्ली मालकाकडे असतेच. त्यावर 'आग लागली तर?' असे कारण मिळते आणि ते खोटे नाही. उपाय एवढाच की ती किल्ली मुलीची सही असलेल्या बंद पाकिटात, तिथेच मुक्कामी असलेल्या बाईंकडे ठेवायची. पाकीट फोडले गेले की लगेच कळते.

बाथरूम बहुतेक ठिकाणी पॅसेजच्या टोकाला, चार-सहा खोल्यांत एक. त्याचा झरोका जिन्याकडे किंवा शेजारच्या गच्चीकडे उघडतो का, हे बाहेरच्या बाजूने उभे राहून बघा. आतून पाहून अंदाज येत नाही. दाराच्या फळीतली भोके, सैल टाइल, उगाच बसवलेला ॲडॉप्टर किंवा हुक दिसला तर दिवा बंद करून मोबाइलच्या टॉर्चने तिरका उजेड टाका. भिंग असेल तर बारीक चमकते. काही सापडलेच तर उपटून काढू नका, हातही लावू नका. लांबून फोटो घ्या, दार ओढून घ्या, ११२ ला फोन करा. बोटांचे ठसे आणि मेमरी कार्ड जागेवर राहिले तरच गुन्हा टिकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली अशा चोरून पाहण्या-टिपण्याला पहिल्या दोषसिद्धीतही किमान १ आणि कमाल ३ वर्षे कैद आहे. १९९४ साली उघडकीला आलेल्या जळगावच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात छायाचित्रांचाच धाक दाखवून मुलींना गप्प ठेवले गेले होते. तो धाक आज खिशातल्या फोनमध्ये मावतो, म्हणून या एका बाबतीत कसलीही सवलत देऊ नये.

कूलरकडे बहुतेक जण बघतच नाहीत. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो, कूलरशिवाय झोप नाही. कूलर खिडकीबाहेर बसवतात, त्यासाठी एक गज कापतात किंवा झडप कायमची उघडी राहते. तळमजल्यावर ती खिडकी म्हणजे दुसरे दारच. कूलरच्या चारी बाजूंनी जाळी हवी आणि पाणी आतून भरता आले पाहिजे. रोज रात्री कोणी गडी गॅलरीतून पाणी भरायला येत असेल तर ती खोली नको. गच्चीवर झोपायची पद्धत असेल तर गच्चीचे दार आतून लागते का आणि शेजारच्या गच्चीवरून इकडे येता येते का, हेही बघा.

सीसीटीव्ही असणे पुरेसे नाही. त्याचा स्क्रीन कुणाकडे आहे, असे विचारा. बहुतेकदा तो मालकाच्या मोबाइलमध्ये असतो. फाटक आणि जिना इथपर्यंत कॅमेरा ठीक. बाथरूमच्या पॅसेजकडे वळलेला कॅमेरा त्रासाचेच साधन होऊ शकतो. शिवाय हार्ड डिस्क भरली की जुने चित्रण पुसले जाते, साधारण पंधरा दिवस ते महिन्यात. काही घडले तर त्याच दिवशी 'अमुक तारखेचे चित्रण जपून ठेवा' असे लेखी द्या.

रात्री साडेआठ-नऊला फाटक बंद हा नियम पालकांना आवडतो. पण नाशिकहून येणारी गाडी लेट झाली तर मुलगी उभी राहते ती फाटकाबाहेर. चांगले होस्टेल उशिरा येणाऱ्या मुलीची वहीत नोंद घेते आणि दार उघडते. ज्याला दार न उघडण्याचाच अभिमान आहे, ते टाळा.

कागदांकडे दुर्लक्ष होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिटची पावती घ्या. डिपॉझिट अडकलेले असते म्हणूनच कितीतरी मुली त्रास होऊनही वर्ष संपेपर्यंत जागा सोडत नाहीत. 'छळाची तक्रार असल्यास नोटिशीशिवाय जागा सोडता येईल व डिपॉझिट पूर्ण परत मिळेल' ही एक ओळ करारात घालून मागा. मालक कसा आहे, ते त्याच्या उत्तरावरून कळेल.

दुसऱ्या कसोटीवर मात्र खासगी होस्टेल नापास होते. त्रास देणारा मालकाचा मुलगा, वॉचमन किंवा डबेवाला असेल तर तक्रार मालकाकडेच करायची असते. इथे एक वाट आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पीडित स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. होस्टेल हे तिथल्या नोकरांचे कामाचे ठिकाण आहे. जिथे १० पेक्षा कमी कर्मचारी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा. पोलिसांचा मार्ग वेगळा आणि सोबतच खुला आहे : छळासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७५, पाठलागासाठी ७८. घटना कुठेही घडो, कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही.

कॉलेज-विद्यापीठाचे वसतिगृह : ५ पैकी साडेतीन

खोल्या जुन्या, बाथरूमची अवस्था तीच, तरी दीड गुण जास्त. कारण वसतिगृह 'कॅम्पस'मध्ये मोडते आणि अंतर्गत तक्रार समितीच्या कक्षेत येते. तिला अजून सगळे विशाखा समिती म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत (राजपत्रात २ मे २०१६) वसतिगृहाबरोबर संस्थेची बस आणि शैक्षणिक सहलसुद्धा येते. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ शहराबाहेर महामार्गालगत आहे. अशा ठिकाणी बसचा समावेश फार मोलाचा आहे.

समिती खरी की फलकापुरती, हे प्रवेशाच्या दिवशीच तपासता येते. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी. दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा मोठ्या प्रशासकीय पदावरचे कोणी समितीत बसू शकत नाही. सदस्यांची मुदत ३ वर्षे, म्हणून फलकावरची तारीख वाचा. बाहेरची सदस्य संस्थाचालकांच्याच दुसऱ्या ट्रस्टमधली निघाली तर ती बाहेरची नव्हे.

तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची. कारणे नोंदवून समिती आणखी ३ महिने देऊ शकते. ७ दिवसांत प्रत समोरच्याकडे जाते, त्याला उत्तराला १० दिवस, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, अहवाल त्यानंतर १० दिवसांत. मुलगी स्वतः तक्रार देण्याच्या अवस्थेत नसेल तर मैत्रीण किंवा नातेवाईकही देऊ शकतात.

घोळ होतो तो बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी. मुलगी रेक्टर मॅडमना तोंडी सांगते, मॅडम 'बघते मी' म्हणतात, मुदत सुरू झालेली असते आणि कागद कुठेच नसतो. दुसरा घोळ शब्दांचा. अर्जात 'गैरवर्तन' लिहिले की तो शिस्त समितीकडे जातो आणि समज देऊन संपतो. विषयातच 'लैंगिक छळाची तक्रार' असे लिहा, अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले ते त्याच शब्दांत, साक्षीदारांची नावे. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट जोडा, पण मूळ फोन जपा.

तिसरा घोळ म्हणजे 'मिटवून टाका'. समझोता फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर कधीच नाही. छळणारा तिचा गाईड किंवा परीक्षक असेल तर चौकशी चालू असताना त्याला तिचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. ही मागणी तक्रारीसोबतच लिहा. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही आणि तक्रारदाराला शिक्षा होत नाही.

नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. सज्ञान मुलीला न विचारता घरी फोन लावणारे वसतिगृह तिचे शिक्षणच थांबवते. खेड्यावरून आलेले वडील बहुधा दुसऱ्या दिवशी बॅग भरून तिला घेऊन जातात आणि छळणारा मुलगा वर्गात बसलेला असतो. याच विनियमांत स्पष्ट लिहिले आहे की सुरक्षेचे कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येणार नाहीत. मुलांचे फाटक किती वाजता बंद होते, एवढेच विचारा.

सरकारी वसतिगृहे : ५ पैकी ३

समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत गृहपाल असतात, फुकट राहता येते. गृहपाल महिला आहे का आणि रात्री मुक्कामी राहते का, यावर सगळे अवलंबून. यात अकरावी-बारावीच्या मुली पुष्कळ असतात, म्हणजे १८ च्या आतल्या. तिथे बाललैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लागतो आणि माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. गृहपालांनी पोलिसांना न कळवता 'आतल्या आत' चौकशी करत बसणे हाच गुन्हा ठरतो. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक खोलीच्या दारावर आतून चिकटवलेला हवा. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलीला मराठीत अर्ज लिहिणे जड जाते. कॉलेजच्या किंवा जिल्ह्याच्या समितीपुढे तिला स्वतः लिहायची गरज नाही. तिने सांगायचे आणि समितीने लिहून घ्यायचे, हे कायद्यानेच त्यांच्यावर टाकलेले काम आहे. लिहून झाल्यावर तिच्या बोलीत वाचून दाखवायला लावा, मगच सही.