फिरत्या घराचे सामान : नऊ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः फ्रिजविषयी

घरासारखी राहण्याची सोय असलेल्या आमच्या गाडीतल्या सामानाचा हा अनुभव मी फेब्रुवारीतच लिहायला घेतला होता. तेव्हाच्या मजकुरात फ्रिज विकणाऱ्या कंपनीबद्दल सभ्य माणसाने लिहू नयेत अशी तीन वाक्ये होती. ती आता खोडली आहेत, कारण मार्चमध्ये हातखंब्याच्या तिठ्यावरच्या एका गाड्यांच्या वायरमनने अर्ध्या तासात माझे मत बदलून टाकले. राग पूर्ण गेलेला नाही, परंतु तो नेमका कशाबद्दल असावा हे आता समजले आहे.

गाडी गेल्या ऑगस्टमध्ये आली. पलंग, कपाटे, सिंक, ८० लिटरची पाण्याची टाकी, छतावर दोन सौर पॅनेल आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एवढे बनवणाऱ्याने बसवून, नोंदणीसह दिले होते. बाकीचे सामान आमचे आम्ही घेतले. आम्ही दोघेच असतो, सांगलीहून निघून आंबा घाटाने कोकणात उतरतो, आणि या नऊ महिन्यांत अशा सहा फेऱ्या झाल्या. बत्तीस वर्षे लेखा शाखेत काढल्यामुळे प्रत्येक वस्तूची किंमत आणि तिने दिलेला त्रास या दोन्हींची नोंद वहीत आहे.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. घरातल्या कपाटाला लावतात तसल्या चुंबकाच्या कड्यांवर घाटात भरवसा ठेवू नये. पहिल्याच फेरीत साखरप्याच्या अलीकडच्या एका वळणावर खण उघडला आणि अर्धा किलो पोहे व फोडणीचे सगळे साहित्य एकत्र झाले. त्यानंतर दाबून उघडणाऱ्या खिट्ट्या बसवल्या आणि तो प्रश्न संपला. स्टीलचे डबे एकमेकांवर आपटून जो आवाज करतात, त्यावर बाजारातला महागडा रबरी गालिचा घेण्याऐवजी जुन्या सुती साडीच्या घड्या डब्यांमध्ये घातल्या. काम तेच होते आणि खर्च शून्य. गादी चार इंची घ्यावी, परंतु तिच्याखाली सलग फळी नसावी, फटी असलेल्या पट्ट्या असाव्यात, नाहीतर कोकणच्या दमट हवेत गादीच्या पोटाला आठवडाभरात बुरशी धरते. पाण्याची नळी पारदर्शक घेऊ नये, कारण उजेड लागला की तिच्यात शेवाळ धरते; आम्ही ती बदलून काळी घेतली. पिण्याचे पाणी २० लिटरच्या वेगळ्या जारमध्ये ठेवतो आणि टाकीचे पाणी फक्त भांड्यांना व हातपाय धुण्याला वापरतो. एक पाणसळ जवळ असावी, कारण गाडी तिरकी उभी राहिली तर रात्रभर एकाच कुशीवर घसरत झोपावे लागते.

गॅसच्या बाबतीत मात्र मी काटकसर केली नाही. ५ किलोची टाकी आहे, ती आतल्या कपाटात न ठेवता बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात ठेवली आहे आणि त्या कप्प्याच्या तळाला भोके आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून भोके खाली हवीत, आणि गळती कळवणारे यंत्रही छताजवळ न लावता जमिनीपासून वीतभर उंचीवर हवे. आमच्या गाडीत ते बनवणाऱ्याने डोळ्यांच्या उंचीवर लावून दिले होते, मी ते खाली आणले. अग्निशामक नळकांडे दाराजवळ आहे, जेणेकरून ते घेण्यासाठी आगीच्या पलीकडे जावे लागू नये.

आता फ्रिजकडे येतो.

तो ४० लिटरचा, वरून उघडणारा, कॉम्प्रेसरवर चालणारा, ४५ वॉटचा आहे. बारा व्होल्टवरही चालतो आणि सोबतच्या अडॅप्टरने घरच्या विजेवरही. आमच्या दृष्टीने ती चैनीची वस्तू नाही. पत्नीला इन्सुलिन लागते. वापरात असलेले पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर चालते, परंतु न उघडलेली पेने २ ते ८ अंशांतच राहावी लागतात, आणि इन्सुलिन एकदा गोठले की वितळल्यावर ते वापरायचे नसते. त्यामुळे बाकी सर्व सामानात या एका डब्याला मी जे महत्त्व दिले आहे, ते वाचणाऱ्याला अति वाटले तरी हरकत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत तो उत्तम चालला. त्या वेळी बरेच दिवस आम्ही उन्हात होतो आणि रात्री एका नातेवाइकांच्या अंगणात त्यांच्या विजेवर गाडी जोडली होती, हे मला तेव्हा महत्त्वाचे वाटले नाही. डिसेंबरमध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून सव्वा दोन किलो सुरमई घेतली, तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवले आणि गणपतीपुळ्याजवळ मुक्काम केला. रात्री अकराच्या सुमारास फ्रिज किंचाळला, पडद्यावर बिघाडाची खूण आली, तो बंद झाला. दोन मिनिटांनी आपोआप चालू झाला, पुन्हा बंद झाला. हा प्रकार पहाटेपर्यंत चालला. सकाळी आतले तापमान १७ अंश होते. सुरमई टाकून द्यावी लागली, इन्सुलिनची दोन नवी पेनेही टाकली. आणि नऊ वाजता ऊन पॅनेलांवर आले तसा हा गृहस्थ काही घडलेच नाही अशा थाटात गुरगुरू लागला.

कंपनीच्या मदत क्रमांकावर मी सांगितले. तिथल्या मुलाने पुस्तिका बघून सांगितले, “सर, ती खूण कमी व्होल्टेजची आहे.” मी त्याला सांगितले की बॅटरीच्या मीटरवर १३.१ व्होल्ट दिसतात, मग कमी कुठून येणार? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. “फ्रिज तपासणीला पाठवा,” एवढेच तो म्हणाला. मी पुण्याला पाठवला. तिथे त्यांनी तो अडॅप्टरवर दोन दिवस चालवला आणि “दोष आढळला नाही” असा शेरा मारून परत दिला. तपासणीचे ५९० रुपये, मालवाहतुकीचे ११०० रुपये. जानेवारीत पुन्हा रात्री तेच झाले, फेब्रुवारीत मी पुन्हा पाठवला, पुन्हा तोच शेरा आणि पुन्हा तेवढेच पैसे. ती तीन वाक्ये मी याच सुमारास लिहिली होती.

दिवसा चालणारा आणि रात्री बंद पडणारा, घरी चालणारा आणि गाडीत बंद पडणारा फ्रिज सदोष असेल असे मला वाटत होते. आता मागे वळून पाहताना लाज वाटते, कारण उत्तर त्या दोन जोड्यांतच होते.

मार्चमध्ये परतीच्या वाटेवर पत्नीने फ्रिजची पिन, म्हणजे गाडीच्या लायटरच्या भोकात खुपसतो ती, काढायला हात लावला आणि म्हणाली, “अहो, ही चांगलीच तापलीय.” हातखंब्याला डिझेल घेताना शेजारी एका वायरमनचे दुकान दिसले म्हणून थांबलो. त्याने मल्टिमीटर घेतला, आधी बॅटरीवर लावला: १३.१. मग पिनेच्या टोकाला, फ्रिज चालू असताना लावला: १२.०. मग फ्रिज बंद करून पुन्हा चालू केला आणि कॉम्प्रेसर उठण्याच्या क्षणी आकडा बघायला मला वाकवले: १०.९. “काका, तार कोणी ओढली ही?” त्याने विचारले.

तार मीच ओढून घेतली होती. गाडी बनवणाऱ्याच्या यादीत फ्रिज नव्हता, म्हणून बॅटरीपासून मागच्या आसनाखालपर्यंतची सात मीटर तार सांगलीतल्या एका वायरमनकडून घातली. त्याने ६ चौरस मिलिमीटरची तार सांगितली होती. मी त्याला म्हणालो की आमच्या घरचा पंखा दीडच्या तारेवर वीस वर्षे चालतो आणि तो या फ्रिजपेक्षा जास्त वीज खातो. तो म्हणाला, “साहेब, हे वेगळं असतं,” परंतु का वेगळे ते त्याला सांगता आले नाही आणि मला ऐकायचे नव्हते. दीड चौरस मिलिमीटरची तार घातली. वहीत “बचत ८४० रु.” अशी नोंद आहे, आणि तिच्याखाली मी त्या दिवशी समाधानाने रेघही ओढली आहे.

वेगळे का, ते मी आता सांगू शकतो. ४५ वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर एक पंचमांश अँपिअर (म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह) घेते, तेच १२ व्होल्टवर जवळजवळ चार अँपिअर घेते, आणि कॉम्प्रेसर उठताना त्याच्या दुपटीहून थोडे अधिक. तारेत वाया जाणारे व्होल्ट अँपिअरच्या प्रमाणात वाढतात. दीडच्या तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाऊन-येऊन चौदा मीटरला तो ०.१७ ओहम होतो. नऊ अँपिअर ओढले की दीड व्होल्ट तारेतच गेले, त्यावर लायटरच्या सैल पिनेने आणखी अर्ध्या-पाऊण व्होल्टाचा कर घेतला. घरच्या २३० व्होल्टांतून दोन व्होल्ट गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही. तेराच्या खिशातून दोन गेले की माणूस उपाशी झोपतो. या फ्रिजमध्ये गाडीची बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून संरक्षणाच्या तीन पातळ्या आहेत. आमचा फ्रिज सर्वांत वरच्या पातळीवर होता आणि तिथे ११.१ व्होल्टच्या खाली तो स्वतःहून थांबतो. दिवसा सौर पॅनेल बॅटरीला १४ च्या आसपास नेऊन ठेवत, म्हणून दोन व्होल्ट गेले तरी निभत असे. सूर्य मावळला की निभत नसे. पुण्याच्या तपासणीत ही तार नव्हतीच, म्हणून तिथे दोषही नव्हता.

त्या वायरमनने ६ ची तार ओढली, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज घातला, लायटरची पिन काढून स्क्रूने आवळायची जोडणी दिली आणि संरक्षण मधल्या पातळीवर आणले. सामान व मजुरी मिळून १९०० रुपये झाले. आता कॉम्प्रेसर उठताना फ्रिजपाशी १२.७ व्होल्ट दिसतात. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत, त्यांतली एक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली, तो एकदाही किंचाळलेला नाही. चोवीस तासांत साधारण ४० अँपिअर-अवर खातो, म्हणजे ऊन नसलेल्या एका दिवसासाठी आमची बॅटरी पुरते, दिवे आणि पंखा धरून दोन दिवसांना पुरणार नाही. जूनमध्ये जाणार नाही आहोत.

तेव्हा फ्रिजबद्दलचे माझे मत असे झाले आहे की यंत्र चांगले आहे. त्याचा खरा दोष एकच, आणि तो छोटा नाही: पडद्यावर ४ अंश दिसतात तेव्हा तळाशी उणे १ असू शकते, कारण थंड हवा खाली बसते आणि मोजणारा बिंदू वर आहे. इन्सुलिन ठेवणाऱ्यांनी १५० रुपयांचा वेगळा तापमापक आत ठेवावा आणि पेने तळाला न ठेवता वरच्या जाळीच्या टोपलीत, डब्यात घालून ठेवावीत. हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही.

कंपनीबद्दल मात्र मी अर्धाच मऊ झालो आहे. त्या मुलाने पहिल्याच दिवशी बरोबर निदान केले होते, हे मान्य. परंतु “मीटर बॅटरीवर न लावता पिनेच्या टोकाला लावून, कॉम्प्रेसर सुरू होताना बघा” हे एक वाक्य त्याने सांगितले असते, तर दोन वेळचे ११८० रुपये आणि २२०० रुपयांची मालवाहतूक वाचली असती. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तारेची जाडी छापायला कंपनीला काय खर्च येतो? १४०० रुपयांची सुरमई आणि हातखंब्याचे १९०० धरून ८४० रुपयांची माझी ती बचत एकूण ६६८० रुपयांना पडली, पेनांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

याच गणितामुळे एक वस्तू मात्र घेण्याआधीच वाचली. जावई इंडक्शनची शेगडी घ्या म्हणून मागे लागले होते. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत दीडशेहून अधिक अँपिअर ओढील, आणि आमची बॅटरी एका वेळी १०० अँपिअरपेक्षा जास्त द्यायला नकार देते. त्यांना मी हे कागदावर करून दाखवले. ते म्हणाले, “बाबा, मग मोठी बॅटरी घ्या.” ५ किलोची गॅसची टाकी आम्हाला दोन फेऱ्या पुरते, तेव्हा तो विषय तिथेच थांबला.

काढलेली दीडची चौदा मीटर तार वायरमन ठेवून घेत होता, मी ती मागून घेतली. गणपतीच्या आराशीतल्या दिव्यांसाठी ती गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. २३० व्होल्टांवर तिला काही झालेले नाही.