थिनरने पुसल्यावर फिल्टरवर आमचाच आकडा निघाला

आधी रकमा सांगतो. कॉम्प्रेसरची सर्व्हिस करून गेलेल्या माणसाला दिले ४२,४८० रुपये. त्यानंतर एअर एंडच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या मुख्य भागाच्या, दुरुस्तीचं बिल आलं १,६२,८४०. नऊ दिवस शॉप बंद राहिलं, त्याचा हिशेब मी अजून घरी सांगितलेला नाही.

पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं युनिट आहे. चार सीएनसी मशीन आणि वीस एचपीचा एक स्क्रू कॉम्प्रेसर. हवा गेली की मशीनचा चक जॉब पकडून धरत नाही, सगळंच थांबतं. म्हणून सर्व्हिसची टाळाटाळ मी कधीच केली नाही. ऑइल फिल्टर दर दोन हजार तासांनी, तेल आणि सेपरेटर (हवेतून तेल वेगळं करणारा) चार हजारांनी. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'मेंटेनन्सच केला नसेल' हे मी पुरेसं ऐकून घेतलंय.

त्या माणसाचा फोन आला तेव्हा मशीनचा सीरियल नंबर, मागच्या सर्व्हिसची तारीख, सगळं त्याला तोंडपाठ होतं. आधी डीलरकडे होतो, आता स्वतःचं काम सुरू केलंय म्हणाला. कंपनीचं कोटेशन ६१,९५० चं, याचं ४२,४८०, माल 'ओरिजिनल, सीलबंद'. १९,४७० रुपये वाचत होते. महिनाअखेरीला पगार करणाऱ्या माणसाने काय करायला हवं होतं?

आल्या आल्या त्याने आमच्या ऑपरेटरला कॉटन वेस्ट आणायला पिटाळलं. मी ऑफिसमधून खाली आलो तेव्हा कॉम्प्रेसर रूममध्ये स्प्रे पेंटचा वास भरला होता. विचारलं, तर म्हणाला, "सर, पॅनलला गंज धरला होता, टचअप मारून दिला. त्याचे पैसे नाहीत." मी फिल्टरला हात लावला. बोटाला रंग लागला. नव्याकोऱ्या फिल्टरचा रंग बोटाला लागतो का? तो रंग मी रुमालाला पुसला आणि त्या माणसाला थँक्यू म्हणालो. जुना फिल्टर कुठंय, असं ऑपरेटरने परत आल्यावर विचारलं, तेव्हा 'स्क्रॅपला नेतो, गाडीत टाकला' हे उत्तरही मीच मान्य केलं. पैसे भलत्याच नावाच्या यूपीआयवर मागितले, तेही दिले.

महिन्याभरात टेंपरेचर चढायला लागलं. एरवी ८५-९० अंशांवर राहणारं मशीन ११० ला ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. तो फोनवर म्हणाला, कूलर साफ करा. केला. मग फोन लागेना. डिलिव्हरी अंगावर होती, म्हणून रीसेट मारून चालवत राहिलो. शेवटी बेअरिंग ओरडलं आणि रोटर जाम झाला.

कंपनीच्या माणसाने फिल्टर काढून थिनरने पुसला. रंगाखालून, तळाच्या पत्र्यावर स्क्राइबरने कोरलेला आकडा वर आला: ९,५२०. आमचा ऑपरेटर फिल्टर बसवताना अवर मीटरचा, म्हणजे मशीन किती तास चाललं त्याचा, आकडा कोरतो, तोच. म्हणजे आमचाच जुना फिल्टर रंगवून आम्हालाच विकला होता. सेपरेटर तर उघडलेलाच नव्हता. फिल्टर चोंदला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता, गाळासकट थेट बेअरिंगवर जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं.

पोलीस चौकीत दोन तास बसवून घेतलं. "माल मिळाला ना? मग मामला दिवाणी." मी न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम सांगितलं, तर अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली, तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. अशा चार फेऱ्या झाल्या. सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर ऐकवलं, समोरासमोर पैसे दिलेत, हे सायबर नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर सांगितलं, धंद्यासाठी घेतलेला माल, तुम्ही 'ग्राहक' नाही. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. आणि त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर आधीच रद्द झालेला निघाला, म्हणून बिलातल्या जीएसटीचं ६,४८० चं क्रेडिट (करातली वजावट) माझंच अडकलं. चोर मोकळा आणि नोटिशीची भीती मला!

जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर टाकून बघा, अर्धं मिनिट लागतं. जुना फिल्टर कुणाच्या हातात देऊ नका, समोर हॅकसॉने कापा. आकडा कोरायची सवय लावा. खोका स्वतः फोडा, गॅस्केटला तेल लावून फिल्टर आपल्या माणसाच्या हातानेच घट्ट करा. सर्व्हिस चालू असताना तिथून हलू नका, कुणी काहीही आणायला पाठवलं तरी. ट्रिप झालेलं मशीन रीसेट करून चालवू नका, डिलिव्हरी गेली खड्ड्यात.

तो फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलाय. सोमवारी पाचव्यांदा चौकीत जाणार आहे. दुरुस्तीच्या बिलाचा दुसरा हप्ता दहा तारखेला आहे, ८१,४२०.